लाटांतला उजेड कोणाचा?

प्रश्न: सर, आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, अगदी किनाऱ्याला. थंडीत काही रात्री फुटणाऱ्या लाटा चमकतात. सासूबाई म्हणतात, "ती देवचाराची चूड, थंय जाव नको." (म्हणजे राखणदार भुताची मशाल.) यजमान मासेमारी करतात, ते वैतागतात. जाळं पाण्यात उजळलं की मासे पळतात म्हणे. मुलगा तेच पाणी दाखवायला पर्यटक आणतो, घरच्या दोन खोल्या भरतात. वाद पेटला की यजमान म्हणतात, "ज्याची त्याची नजर." मग खरं कोणाचं?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर: ताई, 'ज्याची त्याची नजर' म्हटलं की वाद मिटतो, प्रश्न तसाच राहतो.

आपल्या दर्शनकारांचं, म्हणजे जुन्या तत्त्वज्ञांचं, लाडकं उदाहरण किनाऱ्यावरचंच आहे. वाळूत चकाकणारा शिंपला लांबून चांदी वाटतो. ही चांदी आली कुठून, यावर नैयायिक, मीमांसक, अद्वैती, बौद्ध अशा वेगवेगळ्या परंपरांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडले. मीमांसक प्रभाकराच्या मते तर भ्रम असा नसतोच. समोर शिंपला असतो, चांदी आठवणीतली असते, दोन्हींतला फरक तेवढा ध्यानात येत नाही. मला हे फार पटतं. तुमच्या सासूबाईंना लाट दिसते, चूड लहानपणी ऐकलेली असते. अद्वैती हे मानत नाहीत, पण त्यांच्याकडून एक कसोटी घ्यावी: बाध. शिंपला हातात घेतला, 'ही चांदी नव्हे' असं कळलं, की आधीचं ज्ञान रद्द.

तुमच्याकडे ही कसोटी लावायला बादली पुरे. तशा रात्री समुद्राचं पाणी भरून आणा आणि अंधारात ढवळा. बादलीतही उजेड उठेल. असा उजेड बहुधा नॉक्टिलुका या एकपेशीय जिवांचा असतो; धक्का बसला की ते प्रकाशतात. देवचार काही बादलीत येत नाही. इथे सासूबाईंचं म्हणणं बाधित झालं. (त्यांना हे सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. मी भरीस घालणार नाही.)

यजमान आणि मुलगा यांचं तसं नाही. कितीही बादल्या आणल्यात तरी एकाचं पाहणं दुसऱ्याला खोडत नाही. १९५३ साली छापल्या गेलेल्या आपल्या लिखाणात तत्त्वज्ञ विट्‌गेन्स्टाइनने बदक-सशाचं चित्र घेतलं आहे. तीच रेघ कधी चोच, कधी कान. दोन्ही बरोबर, फक्त एका वेळी एकच दिसतं. म्हणून तुमच्या घरातलं भांडण खऱ्या-खोट्याचं नाहीच, ती रात्र कोणाच्या कमाईची याचं आहे. ते हिशेबाची वही उघडून मिटवा, तत्त्वज्ञानाला त्यात ओढू नका.

मुलाला मात्र एक सांगा. पाहुणे फोटोतला निळा रंग बघून येतात आणि डोळ्यांना फिकट पांढुरकं दिसलं की फसवल्यासारखे रागावतात. मंद उजेडात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, कॅमेरा जास्त वेळ उघडा राहून तो गोळा करतो. तेव्हा आधी सगळ्यांच्या मोबाइलच्या बॅटऱ्या बंद करायला लावा आणि वीसेक मिनिटं काळोखात बसवा. पैसे त्यानंतर मागा.