वचन तुमचं, परीक्षा लेकीची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आलेलं पत्र. लिहिणारे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. पत्र थोडं कापून देते:

"वडीलही मराठा रेजिमेंटचेच. वय ७९, १९७१ची लढाई केलेले. सहा वर्षांपासून पार्किन्सन्स (कंपवात) आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, मग सेकंड पीयू (बारावी) सायन्स. नीट दोनदा दिली. आधी २८७, यंदा ३६४. मी वडिलांना शब्द दिलाय की नात मेंदूची डॉक्टर होईल आणि आपल्यासारख्या माजी सैनिकांनाच तपासेल. अमेरिकेतला भाचा सांगतो, तिकडं माजी सैनिकांच्या या आजारासाठी वेगळी केंद्रं आहेत. दोन वर्षं वडिलांना मोठ्या डॉक्टरकडं नेलेलं नाही, जुनंच औषध चालू आहे. मुलगी हुशार आहे, पण दिवसभर आजोबांच्या मागं. फरशीवर खडूनं रेघा मारते, 'एक-दो-एक' ओरडते, त्यांना चालवते. अभ्यासाचा वेळ त्यातच जातो. तिसऱ्यांदा बसवायचं ठरलंय. लातूर की कोटा, तेवढं सांगा."

सुभेदारसाहेब, लातूर की कोटा हे मी सांगणार नाही. तुमचं पत्र चार वेळा वाचलं. 'शब्द दिलाय' हे त्यात पाच ठिकाणी आहे. लेकीला काय हवं, हे एकाही ठिकाणी नाही. 'ठरलंय' असं लिहिलंत, पण कुणी ठरवलं? पलटणीत हुकूम वरून येतो आणि खाली पाळला जातो, ते तिथं शोभतं. एकोणीस वर्षांच्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य असं ठरवायचं नसतं.

आधी हिशेब करू. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिन तीन, डीएम न्यूरोलॉजी, म्हणजे मेंदूच्या आजारांचं शिक्षण, आणखी तीन. साडेअकरा वर्षं झाली, आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळी प्रवेश परीक्षा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं डीएम आहे, पण त्या मोजक्या जागांसाठी सगळा देश रांगेत असतो. पार्किन्सन्स आणि चालण्या-हलण्याचे इतर विकार हाच विषय करायचा, तर वर एक-दोन वर्षांची फेलोशिप. म्हणजे पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला आणि कुठंही अडखळली नाही, तरी तुमची लेक तिशी ओलांडेल. आजोबा तेव्हा नव्वदीच्या पुढे असतील. त्यांना उपचार आज हवेत, आणि दोन वर्षं तुम्ही त्यांना न्यूरोलॉजिस्टकडं नेलेलं नाही. पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच. नात डॉक्टर होईल या भरवशावर आजोबांचा उपचार थांबलाय, असा त्याचा अर्थ मी काढला. चुकत असेन तर रागवा, पण आधी त्यांना घेऊन जा. या आजारात औषधाची मात्रा आणि वेळा सारख्या बदलाव्या लागतात. दोन वर्षं जुनी चिठ्ठी चालत नाही.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. चक्कर येते म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी वर्षानुवर्षं चालू आहे, असं तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. चक्करवरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ सिनारिझिन, फ्लुनारिझिन, म्हाताऱ्या माणसाचा ताठरपणा आणि कंप वाढवू शकतात. तुमची गोळी त्यातली आहे का ते डॉक्टर बघतील. आपल्या मनानं काही बंद करू नका.

आणखी एक वाक्य. "कंप सुरू व्हायच्या आधीपासून झोपेत लाथा मारतात, ओरडतात, आई म्हणते लढाई अजून डोक्यातून गेलेली नाही." आईंचं म्हणणं खोटं म्हणणार नाही, लढाई पाहिलेल्या माणसाला ती स्वप्नात दिसणारच. पण स्वप्नातली हालचाल अंगानं खरोखर करणं हे पार्किन्सन्सचं फार आधीचं लक्षण असू शकतं, हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधीचं. सैनिकाच्या घरी ते युद्धाच्या खात्यावर मांडलं जातं आणि डॉक्टरला कुणी सांगत नाही. न्यूरोलॉजिस्टचं निम्मं काम असली वाक्यं ऐकून घेण्यात जातं. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो की चहाचा कप उचलताना, अक्षर बारीक होत गेलंय का, वास येईनासा कधी झाला, हे विचारत बसायचं. ऑपरेशन तो करत नाही, ते न्यूरोसर्जनचं काम.

आता तुमच्या मनातला एक मोठा गैरसमज. 'माजी सैनिकांचा न्यूरोलॉजिस्ट' अशी पदवी आपल्याकडे नाही, आणि कुणी त्या नावाची पाटीही लावत नाही. तुमचा भाचा सांगतो ते खरं आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं २००१मध्ये पार्किन्सन्ससाठी सहा खास केंद्रं काढली. व्हिएतनाममध्ये जंगलाची पानं झडवायला फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकाशी तिथल्या सैनिकांच्या पार्किन्सन्सचा संबंध त्यांच्या सरकारनं २०१०मध्ये भरपाईसाठी मान्य केला. डोक्याला मार बसलेल्या सैनिकांत हा आजार जास्त दिसतो, असे अभ्यासही तिथं झाले. पण ती त्यांच्या युद्धांची आणि त्यांच्या खात्याची गोष्ट. आपल्याकडे २००३पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. तुमच्याकडे कार्ड असेलच. सहसा तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचं, तिथून चिठ्ठी घ्यायची आणि लष्करी किंवा यादीतल्या खासगी हॉस्पिटलात जायचं. त्या हॉस्पिटलातला न्यूरोलॉजिस्ट त्याच बाकावर सुभेदाराला तपासतो, नंदगडच्या शेतकऱ्याला तपासतो आणि संकेश्वरच्या शिक्षिकेलाही. फक्त सैनिकांनाच तपासायचं हे तुमच्या शब्दातलं कलम लेकीला कधीच पाळता येणार नाही. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय कॉलेजातून गेली तर लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल व्हावंच लागतं, पण तिथं मुलींच्या जागा ३० आणि तिथला कट-ऑफ ३६४च्या आसपास कुठंही नसतो.

३६४बद्दल स्पष्टच बोलते. खुल्या गटातून सरकारी जागा यात मिळत नाही, कर्नाटकातही आणि महाराष्ट्रातही. विवादित सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशात थोड्या जागा असतात, शिवाय माजी सैनिकांच्या पाल्यांचा कोटा आहे. दोन्हीकडे अर्ज करा, पण तिथंही स्पर्धा आहेच. मॅनेजमेंट सीटसाठी शेत विकायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो काढून टाका. ७७ गुण वाढले ही गोष्ट मात्र कमी लेखू नका. दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूला एकदम इंग्रजी पुस्तकं समोर आलेल्या मुलीनं ते केलंय.

आणि आता त्या खडूच्या रेघा.

तुम्ही त्या वाया गेलेल्या वेळात मांडल्यात. सुभेदारसाहेब, तो उपचार आहे. पार्किन्सन्सचा माणूस दारात, उंबऱ्याशी, वळताना जागच्या जागी थिजतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. चालणं आपोआप चालू ठेवणारी मेंदूतली लय तुटलेली असते. पण समोर आडवी रेघ दिसली की तो ती ओलांडतो, कारण बघून, ठरवून टाकलेलं पाऊल वेगळ्या वाटेनं येतं. कानावर ठेका पडला तरी तसंच होतं. म्हणून 'एक-दो-एक'. मराठा सेंटरच्या ड्रिल ग्राउंडवर साठ वर्षांपूर्वी अंगात मुरलेला तो ठेका आजोबांचे पाय अजून ऐकतात, आणि हे घरात फक्त तुमच्या लेकीच्या लक्षात आलं. फिजिओथेरपीचे विद्यार्थी हे वर्गात शिकतात. तिला कुणी शिकवलं, विचारलंत का?

म्हणून माझं उत्तर तुमच्या प्रश्नापासून बरंच दूर जातंय. तिच्याशी फिजिओथेरपीबद्दल बोला. "म्हणजे डॉक्टर नाही झाली" हे वाक्य तोंडातून काढू नका. एमबीबीएस हुकल्याचं ते सांत्वन नाही, आणि शेक देणं, मशीन लावणं एवढंच ते कामही नाही. गोळीनं कंप आणि ताठरपणा कमी होतो, पण तोल जाणं आणि थिजणं गोळीला नीट दाद देत नाही. तिथून पुढं फिजिओथेरपिस्टच लागतो. साडेचार-पाच वर्षांची पदवी आहे, मग दोन वर्षांचं एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, त्यात न्यूरो हा विषय घेता येतो. बेळगावातच कॉलेज आहे. प्रवेशाचे नियम सध्या बदलतायत, तेव्हा त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच पाऊल टाका. पगाराचंही लपवत नाही. सुरुवातीला आपल्या भागात तो कमीच असतो, न्यूरोलॉजिस्टशी त्याची तुलनाच नको. आजारात आवाज बसतो, गिळताना ठसका लागतो, त्यावर काम करणारे स्पीच थेरपिस्टही असतात. त्याचं शिक्षण म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत मिळतं. माजी सैनिकांच्या मुलींना व्यावसायिक पदवीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीचे महिना ३,००० रुपये मिळू शकतात. त्याचा अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो, ते चुकवू नका.

आणि ती म्हणाली, "नाही, मला डॉक्टरच व्हायचंय," तर? तर तिसरा प्रयत्न जरूर करू दे. पण तो तिचा असावा, एकच असावा, आणि त्या वर्षभर आजोबांना चालवायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. तुम्ही करू शकता. 'एक-दो-एक' तुमच्याइतकं खणखणीत कोण म्हणणार?

जाता जाता, कन्नडबद्दल. "आम्हाला कन्नडची काय गरज" असा एक टोमणा पत्रात आहे. सीमाप्रश्नावरची तुमची मतं तुमच्यापाशी ठेवा, माझीही आहेत. पण बैलहोंगलची म्हातारी आपला त्रास कन्नडातच सांगणार. डॉक्टर होवो की फिजिओ, तुमच्या लेकीला ते ऐकून कळलं पाहिजे.

पुढचं पत्र तिला लिहायला सांगा. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत: पहिली रेघ तिनं कधी मारली, आणि त्या दिवशी काय झालं होतं.

तोवर एक काम तुमचं. फरशी पुसताना खडू जातो आणि तिला रोज नव्यानं रेघा माराव्या लागतात, असं तुम्हीच लिहिलंय. बाजारातून रंगीत चिकटपट्टी आणा, फरशीच्या रंगात उठून दिसेल अशी. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत आजोबांच्या पावलाच्या अंतरानं आडव्या पट्ट्या लावा. टोकं नीट दाबा, पाय अडकता कामा नये. अंतर किती, ते तिला विचारा. तिला ते पाठ असणार.