मेकॅनिक्स: 'चाल' म्हणावी की 'डाव'?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मोबाइल गेम बनवणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे: 'माझ्या गेममधली ठोकळे पाडायची कल्पना एका जुन्या गेमवरून घेतली आहे. मराठी माहितीत मेकॅनिक्सला, म्हणजे गेम खेळण्याच्या नियमांना आणि पद्धतीला, काय म्हणू? "यांत्रिकी" जमत नाही. "चाल उसनी घेतली" असं लिहू का?'

'यांत्रिकी' नकोच, तो कारखान्यातला शब्द. 'चाल' वरवर चपखल वाटते, बुद्धिबळात आपण चालच खेळतो. पण मराठीत चाल गाण्यालाही असते, आणि 'चाल उचलली' म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी चोरलेलं गाणं आठवतं. गाण्याच्या चालीवर कायदा संगीतकाराचा हक्क मानतो, खेळाच्या नियमांवर कुणाचाच मानत नाही. 'चाल' लिहिलीत तर न केलेल्या चोरीची कबुली तुमच्याच वाक्यात उमटेल.

माझं मत 'डाव'. ढाक, घिस्सा, एकलंगी: खासबागेच्या मातीत कुस्तीचे हे डाव कुणीही टाकावेत. एका तालमीतला डाव दुसऱ्या तालमीतल्या पोरानं बघून बघून शिकला म्हणून कुणी पंचांकडे तक्रार नेत नाही. आपला कायदाही असाच बघतो. १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३ खेळ खेळण्याच्या पद्धतीला शोध मानत नाही. आणि आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच सांगितलं की नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क (कॉपीराइट) नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. 'डावपेच' मात्र लिहू नका. ते खेळणारा लढवतो, गेम बनवणारा नव्हे.

म्हणून 'डाव'च्या जोडीला दुसरा शब्द हवा: 'मांडणी'. तुमचा गेम ठोकळ्यांचा आहे, तेव्हा टेट्रिसचा खटला नीट समजून घ्या. टेट्रिसची नक्कल असलेल्या 'मिनो' नावाच्या गेमवर अमेरिकेत न्यू जर्सीतल्या संघीय न्यायालयानं २०१२ मध्ये निकाल दिला. ठोकळे पडणं, ते फिरवणं, ओळ भरली की नाहीशी होणं, हे नियम सर्वांना मोकळे. पण ठोकळ्यांचं रूप, दहा रकाने आणि वीस ओळींचा पट, खाली पडणारी ठोकळ्याची सावली, हे सगळं जसंच्या तसं घेतलं होतं, आणि तिथे मिनोवाले हरले. डाव सुटला, मांडणी अडकली.

नावाचंही तसंच. स्क्रॅबल या शब्दखेळासारख्याच 'स्क्रॅब्युलस' या ऑनलाइन गेमच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्क्रॅबलच्या पटावर स्वामित्वहक्काचं संरक्षण द्यायला नकार दिला, नाव वापरायला मात्र मनाई केली.

आता 'उसना'. शेजारून उसनी आणलेली वाटीभर साखर परत द्यावी लागते. डाव परत कुणाला देणार? 'उसना' म्हटलं की मालक आला, म्हणून हा शब्द इथे चुकतो. 'उचलला' तालमीत बोलायला ठीक, छापील मजकुरात त्याला उचलेगिरीचा वास येतो. साधं 'घेतला' पुरे.

एक अपवाद आहे. अमेरिकेत डावाचंही पेटंट मिळू शकतं. गेम लोड होत असताना छोटा गेम खेळू देण्याचं तिथलं पेटंट नामको या जपानी गेम कंपनीकडे २०१५ पर्यंत होतं. असा डाव मुदत संपेपर्यंत 'परवानगीनं घेतला' असंच लिहिता यायला हवं.

तुमच्यासाठी वाक्य असं: 'या गेमचा डाव जुन्या ठोकळ्यांच्या गेमवरून घेतला आहे, मांडणी आमची.' छापण्याआधी तुमच्या पटाचे रकाने मात्र एकदा मोजा.