देव ऐकतच नाही असं वाटतं, तरी प्रार्थना करत राहावी का?

करावी. पण गोडच बोललं पाहिजे अशी सक्ती नाही. राग आला असेल तर तोच देवापुढे मांडा. जनाबाईंनी विठ्ठलाला चक्क शिव्या घातल्यात, तुकोबा त्याच्याशी भांडलेत, आणि ते अभंग आपण आजही टाळ वाजवून म्हणतो. श्रद्धा संपली असती तर तक्रार तरी कोणाकडे केली असती?

आमच्या खान्देशातली कानबाई देवी बघा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मुठीच्या हिशोबाने रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाचे, गहू घेतात. यंदा कापूस गेला म्हणून कानबाई नाही, असं कोणी म्हणत नाही. सुरतेला कामाला गेलेले भाऊबंदही रोटासाठी गावी येतात. मला वाटतं, मागणं पूर्ण न होताही माणूस टिकतो तो अशा ठरलेल्या वारामुळे आणि सोबतीमुळे. एकट्याने डोळे मिटून बसणं त्या मानाने फार अवघड.

म्हणून प्रार्थना हवी तर छोटी करा, दिवा लावायची वेळ मोडू नका. शब्द सुचत नसतील तर हरिपाठाला जाऊन बसा, बाकीचे म्हणतील. जळगाव जिल्ह्यातल्या कोथळीहून संत मुक्ताईची पालखी पंढरपूरला महिनाभराहून जास्त चालते. त्यातल्या सगळ्यांचेच नवस फळलेले नसतात.

आणि हो, दुखणं, कर्ज, झोप उडणं असलं काही मागे असेल तर डॉक्टरशी, घरच्यांशीही बोला. ‘अमुक विधी करा, देव लगेच ऐकेल’ म्हणत पैसे मागणाऱ्यापासून चार हात लांब राहा.