गाडीच्या डिकीत घडीची विजेवरची सायकल नेणे कितपत व्यवहार्य आहे?
गाडी शहराच्या कडेला लावून शेवटचे चार-पाच किलोमीटर सायकलने जायचे असेल, तर व्यवहार्य आहे. मात्र खरी अडचण डिकीच्या आकारापेक्षा वजनाची असते. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीची १६ इंची चाकांची विजेवरची सायकल बॅटरीसह साधारण १७ किलोची असते आणि बॅटरी वेगळी निघत असल्याने दोन टप्प्यांत उचलता येते. रुंद टायरच्या, २० इंची चाकांच्या अनेक सायकली २५ किलोंच्या पुढे जातात आणि त्या डिकीच्या उंच कडेवरून रोज उचलणे कंबरेला परवडत नाही. डिकीत सीएनजीची टाकी असल्यास मागचे आसन बहुधा अडवावेच लागते. उन्हात उभ्या गाडीत लिथियम बॅटरी ठेवू नये. भारतात २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या सायकलीला नोंदणी लागत नाही.