दोन फोटोंत पफिन (समुद्रपक्षी) दिसले, एक पांढऱ्या पोटाचा आणि एक पूर्ण काळा, हे नर-मादी आहेत की वेगळे पक्षी? दोघंही बिळात राहतात का?

नर-मादी नाहीत हो, पफिनमध्ये नर-मादी दिसायला सारखेच असतात, नर जरासा मोठा एवढंच. पांढऱ्या पोटाचा तो बहुतेक अटलांटिक पफिन आणि काळा म्हणजे टफ्टेड पफिन, चुलत भाऊ म्हणा, पण एक अटलांटिकमधे (आइसलँड, नॉर्वे, ब्रिटन, न्यूफाउंडलंड) आणि दुसरा पॅसिफिकच्या उत्तरेला, अलास्का-कामचाटकाकडे, त्यामुळे त्यांची गाठच पडत नाही.

मी पण सुरुवातीला चोचीच्या रंगावरून ओळखायला जायचो आणि हमखास फसायचो, कारण ती रंगीत चोच फक्त विणीच्या हंगामापुरती असते, नंतर तिच्यावरचं रंगीत आवरण गळून पडतं आणि टफ्टेडचे डोळ्यांमागून लोंबणारे ते पिवळे तुरे पण जातात. म्हणून पोट बघा. फक्त एक घोळ आहे, अलास्कातच हॉर्न्ड पफिन म्हणून तिसरा आहे, तो पांढऱ्या पोटाचाच, म्हणजे फोटो कुठला आहे ते आधी विचारायचं.

बिळं दोघंही खणतात, चोचीने माती उकरायची आणि पायांनी मागे फेकायची, साधारण मीटरभर आत. टफ्टेड अंगाने दांडगा, पाऊण किलोच्या आसपास, अटलांटिकवाला अर्धा किलो पण जेमतेम, त्यामुळे बिळाचं तोंड पण मोठं लागतं त्याला. (हॉर्न्ड मात्र जास्त करून खडकांच्या कपारीतच भागवतो, खणायचा कंटाळा!) आत एकच अंडं, आईबाप दोघंही आळीपाळीने उबवतात, पुढे पिल्लू दीडेक महिना बिळातच मासे खात बसतं आणि एका रात्री एकटंच समुद्रावर निघून जातं.

बिळाचा तोटा पण आहे. गरुड-सीगलपासून पिल्लू वाचतं, पण उंदीर किंवा कोल्हा थेट आत शिरतो. अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर माणसांनी फरसाठी कोल्हे सोडले आणि टफ्टेडसकट सगळ्याच समुद्रपक्ष्यांची वाट लागली, तिकडे स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग बेटावर उंदरांनी पफिन संपवले होते, 1991 मधे उंदीर काढले आणि दहाएक वर्षांनी पफिन परत तिथे बिळं करायला लागले.