हाई खरं शे का?

अमळनेर, वैशाख वद्य पंचमी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लांबलचक निरोप दोनदा वाचला. अंगठ्याने एवढं उत्तर लिहिणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून सरळ कागद घेतला. दुपारचे दोन वाजलेत, बोरीच्या पात्रातली वाळू नुसती तापलीय, आणि तुझी काकू आतून दोनदा ओरडली की जरा पडा आता. पण तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाही. "अप्पा म्हणतात कादंबऱ्या म्हणजे टाइमपास, आणि कामाची पुस्तकं उघडली की मला दहा मिनिटांत झोप येते. मग काका, मी वाचू तरी काय?"

आधी अप्पांवरचा राग सोड. कपाशीच्या पैशातून जळगावच्या अभ्यासिकेची फी भरणारा माणूस पोरीच्या उशाशी जाडजूड कादंबरी पाहून विचारणारच, की हिच्यातून काय निघणार. त्यांचा प्रश्न चुकीचा आहे, पण अडाणी नाही. त्यांच्यासारखेच एक बाबा मी वर्षानुवर्षं रोज पाहिलेत.

एकतीस वर्षं मी वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर काढली. प्रताप मिलमधून निवृत्त झालेले हे बाबा संध्याकाळी पाचच्या ठोक्याला यायचे. कपाटातून पुस्तक काढायचे, माझ्यापुढे धरायचे आणि विचारायचे, "हाई खरं शे का खोटं?" मी म्हणालो की कादंबरी आहे, तर "मंग ऱ्हाऊ दे" म्हणून जागेवर ठेवायचे. चरित्रं, प्रवासवर्णनं, सापांवरची पुस्तकं, खटल्यांच्या हकिकती, सगळं त्यांनी संपवलं. 'संकीर्ण' नावाचं आमचं कपाट तर त्यांच्यामुळेच हललं. (तू कुठल्याही वाचनालयात गेलीस तर आधी संकीर्ण बघ. ज्या पुस्तकाचं काय करायचं ते ग्रंथपालाला कळत नाही ते तिथे जातं, आणि अशी पुस्तकं बहुधा चांगली असतात.) मग एका श्रावणात सप्त्याच्या मांडवात मला ते दिसले. हरिश्चंद्राचं आख्यान चालू होतं आणि बाबा उपरण्याने डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी मी चिडवलं, "काय बाबा, हरिश्चंद्र खरा का?" माझ्याकडे मूर्खाकडे पाहावं तसं पाहून म्हणाले, "त्याले खोटं कोन म्हनी?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, बाबा दोन वेगळ्या तराजूंवर दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. गोंधळ माझाच होता.

आपल्या भाषेतच बघ. 'फिक्शन' आणि 'नॉनफिक्शन' ही जोडी तू सहज वापरतेस, पण मराठीत रेघ त्याच जागी पडत नाही. आपल्याकडे 'ललित' आणि 'वैचारिक'. ललित निबंधात आजीच्या परसातली जाई खरीखुरी असते, काल्पनिक काहीच नसतं, तरी तो ललितच. म्हणजे आपण खरं-खोटं न बघता लेखणीची चाल बघून कपाट ठरवलं. 'ललितेतर' आणि 'कथेतर' हे शब्द नंतर आले. ते मला आवडत नाहीत. अर्ध्या कपाटाला नुसतं 'ते नव्हे' म्हणायचं, हे काय नाव झालं?

तरी रेघ नाहीच असं मी म्हणणार नाही. ती विसरल्याने माझी चांगली फजिती झाली आहे. विशी-बावीशीत एका खेड्यात शिवजयंतीला मला भाषणाला बोलावलं. मी महाराज आणि एका मावळ्याचा संवाद असा काही रंगवून म्हटला की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे, निवृत्त हेडमास्तर, चहाचा कप हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "छान बोललात. हे कुठल्या कागदात आहे?" मी म्हटलं, शोधून सांगतो. पंधरा-वीस दिवस शोधलं. कुठल्याच कागदात नव्हतं. दहावीच्या सुट्टीत वाचलेल्या एका ऐतिहासिक कादंबरीत होतं, आणि तिथून ते माझ्या डोक्यात 'इतिहास' म्हणून जाऊन बसलं होतं. तो संवाद मी आजही तोंडपाठ म्हणू शकतो. तीच तर पंचाईत आहे. कादंबरी जे देते ते खोलवर जातं, आणि कुठून आलं याची चिठ्ठी त्याला लावलेली नसते.

हेडमास्तरांचा प्रश्न हा खरा माहितीच्या पुस्तकाला विचारायचा प्रश्न. कुठल्या कागदात आहे? कोणी मोजलं? कोणी पाहिलं? इतिहासाचं, विज्ञानाचं, अर्थकारणाचं पुस्तक कागदाला बांधलेलं असतं. कादंबरी कागदाला बांधलेली नसते, ती माणसाला बांधलेली असते. तिला विचारायचं ते एवढंच, की असा माणूस, अशा वेळी, असं वागेल का? बाबांनी हरिश्चंद्राला हा प्रश्न विचारला आणि त्यांना हो असं उत्तर मिळालं.

धुळ्याला गेलीस तर राजवाडे संशोधन मंडळात डोकाव. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, त्यांनी पायपीट करून गोळा केलेली दप्तरं तिथे जपली आहेत. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यांनी काढला, पानिपताच्या काळातल्या पत्रांचा. आणि ती पत्रं हाती घेऊन बखरींमधल्या चुका अक्षरशः सोलून काढल्या. कागदाचा इतका कडक माणूस. पण त्याच राजवाड्यांनी 'कादंबरी' या नावाचा एक लांबलचक निबंधही लिहिला आहे. म्हणजे इतिहास सांगतो म्हणणाऱ्या बखरीला त्यांनी धारेवर धरलं, आणि मी रचलेली गोष्ट आहे असं उघड सांगणाऱ्या कादंबरीचा मात्र गंभीरपणे विचार केला. अप्पांना हे जरूर सांग. मात्र जेवणाच्या वेळी नको.

आता तुला एक जोडी सांगतो, माझ्या स्वतःच्या वाचनातली.

'कोसला' मी कॉलेजात असताना वाचली. १९६३ सालची कादंबरी, लिहिणारे भालचंद्र नेमाडे आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातला पोरगा शिकायला पुण्याला जातो, हे तुला नवीन नाही. वसतिगृह, मेस, घरून येणारे पैसे, सगळं वाचून मी खदाखदा हसलो होतो. मग त्याच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू येतो. देवीच्या रोगाने ती जाते. त्या पानांवर मी हसायचा थांबलो, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला फारसं कळलं नाही. इतक्या दुःखात त्याला एवढा संताप कशाचा येतोय, असंच वाटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी संकीर्णमध्येच देवीच्या लसीचा इतिहास हाती लागला. जेन्नरने इंग्लंडमध्ये १७९६ साली पहिल्यांदा लस टोचून पाहिली. लस जहाजांतून, माणसांच्या दंडांवरून, एका मुलाकडून दुसऱ्याकडे अशी प्रवास करत १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत पोचली आणि तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल नावाच्या मुलीला टोचली गेली. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ मधला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की हा रोग पृथ्वीवरून गेला. वाचता वाचता मी मध्येच थांबलो. १८०२ ला लस मुंबईत आली होती. मुंबईहून खानदेशापर्यंत रेल्वे आली, तारा आल्या, कापसाच्या गाठी इथून परदेशी गेल्या, आणि दीडशे वर्षांनंतर लिहिलेल्या कादंबरीत सांगवीकरांची मनी देवीनेच मरते. मला तो पोरगा का संतापला होता ते त्या दुपारी कळलं. आणि उलटंही झालं. लसीच्या पुस्तकातल्या तक्त्यात 'मृत्यू' या रकान्याखाली जे आकडे होते, त्यांतल्या एका आकड्याला माझ्यापुरतं मनी हे नाव होतं. नाहीतर मी तो तक्ता उलटून पुढे गेलो असतो, जसा तू जातेस.

तू झोपतेस ते यामुळे. तू पुस्तक उघडतेस तेव्हा तुझ्याकडे प्रश्नच नसतो, हातात फक्त पिवळा मार्कर असतो. आधी काहीतरी कुतूहल खुपलेलं असू दे, मग कामाचं पुस्तक उघड. ते पहिल्या पानापासूनच वाचायचं असा कायदा नाही. अनुक्रमणिका बघ, शेवटची सूची बघ, शेवटचं प्रकरण आधी वाचलंस तरी कोणी पकडून नेणार नाही. आणि लेखकाची परीक्षा तुझ्या घरच्या अंगणात घे. शेतीवरचं पुस्तक असेल तर सूचीत दादर, आपली ज्वारी, शोध. दादर कुठल्या हंगामात पेरतात, कसल्या जमिनीत येते, हे तुला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. लेखक तिथे घसरला असेल तर जे तुला माहीत नाही तिथे त्याच्यावर किती विश्वास टाकायचा, ते तूच ठरव. हा सोपा उपाय मला कोणी सांगितला नाही, उशिरा सुचला. स्टेशनवर मिळणारी 'श्रीमंत व्हा' छापाची अनुवादित पुस्तकं या परीक्षेत धडाधड पडतात. त्यांतल्या गोष्टींतल्या माणसांना बहुधा गावही नसतं आणि आडनावही नसतं. अप्पा ज्याला टाइमपास म्हणतात तो खरा तिथे आहे, फक्त कपाटावरची पाटी वेगळी.

कादंबरीशी मात्र असं वागू नकोस. परवा तू आलीस तेव्हा कादंबरीतही तुझ्या पिवळ्या रेघा दिसल्या, मला बरं वाटलं नाही. पन्नास-साठ पानं तिच्या मागे मुकाट चाल. नाही जमलं तर सोडून दे, पाप लागत नाही. बोलीतले संवाद असतील तर मोठ्याने वाच, अभ्यासिकेत नाही, गच्चीवर. आणि मिटल्यावर लगेच 'मी यातून काय शिकले' असं स्वतःला विचारू नकोस. मला मनीचं उत्तर यायला पंधरा वर्षं लागली.

तू एका बातमीचा दुवा पाठवला होतास, कथा वाचल्याने माणसाला दुसऱ्याचं मन कळायला लागतं म्हणून. तो प्रयोग मला माहीत आहे. २०१३ साली किड आणि कास्टानो या दोघा संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात छापला होता. साहित्यिक कथा वाचलेले लोक नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून भावना ओळखण्यात सरस ठरले, असं त्यात होतं. पुढे इतरांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा फरक दिसला नाही. तेव्हा हा दुवा अप्पांपुढे पुरावा म्हणून ठेवू नकोस, ते हेडमास्तरांसारखे निघाले तर अडचण होईल. आणि कादंबरीला कामाची ठरवायची एवढी धडपड तरी का? भरीत-पुरी खाताना आपण जीवनसत्त्वं मोजतो का?

परीक्षेच्या महिन्यात कादंबरी बंद ठेवलीस तरी चालेल, मी रागावणार नाही. एरवी झोपेआधी वीस पानं, बस.

'कोसला' आणि लसीचा इतिहास, दोन्ही परवाच्या पॅसेंजरने येणाऱ्या शेजारच्या पोराबरोबर पाठवतोय. आधी कुठलं उघडायचं ते तुझं तू ठरव. लसीच्या पुस्तकाचा पुठ्ठा सैल झालाय, जपून. नोंद मुद्दामच अप्पांच्या नावावर करायला लावली आहे. म्हणजे पुस्तकं उशिरा आली की दंडाची आठवण करायला वाचनालयाचा माणूस त्यांच्याकडेच जाईल, आणि ती शोधायला ते तुझ्या खोलीत येतील. उशाशीच ठेव.

तुझा,
काका