पहिल्या मोठ्या ड्रेसाज स्पर्धेला निघताना

ड्रेसाज म्हणजे ठरलेल्या हालचाली घोड्याकडून नेमक्या करून घेणं, आणि त्या हालचालींचा ठरलेला क्रम म्हणजे टेस्ट. ती पाठ कर, पण घोड्यावर रोज सलग चालवू नकोस. घोडा हुशार असतो, दोन-चार दिवसांत तो तुझ्या इशाऱ्याआधीच कँटर (संथ दौड) धरायला लागतो. तुकड्या तोडून, क्रम बदलून सराव कर.

भात निघालेल्या शेतात फक्कीनं २० बाय ६० मीटरचं रिंगण आखून घे. लांब बाजूंना खुणेची अक्षरं लाव: कोपऱ्यापासून ६ मीटरवर पहिलं अक्षर, पुढची १२-१२ मीटरवर. टेस्ट छोट्या रिंगणाची असेल तर २० बाय ४०, हे आधीच बघून ठेव. सगळ्यात जास्त वेळ मधल्या रेषेवर घाल. ए वरून, म्हणजे आत यायच्या टोकाकडून, आत आलीस की नजर थेट समोरच्या टोकाच्या सी वर. घोड्याच्या कानांकडे बघितलंस की तो वाकडा झालाच म्हणून समज. एक्सवर, म्हणजे रिंगणाच्या मधोमध, थांबताना चारही पाय चौकोनात हवेत आणि सलाम होईस्तोवर तो हलता कामा नये. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण असतात, इथले गुण शांत घोड्याला हमखास मिळतात. एखादी हालचाल बिघडली तर तिथंच सोड, पुढची नीट कर.

बेळगावहून बेंगळुरू म्हणजे जवळपास ५०० किलोमीटर. वाटेत थांबून पाणी दाखवत जा. खाणं घरचंच ने, तिथं नवीन काही घालू नकोस. एक दिवस आधी पोच आणि जमलं तर जजची केबिन, कुंड्या, लाउडस्पीकर त्याला हातात धरून दाखव. लगाम, चाबूक नियमात बसतात का, ते निघायच्या आधीच विचारून घे.

स्पर्धेदिवशी सराव थोडका. घोडा अंगानं मऊ, सैल लागला की थांबायचं, बाई.